एकसष्टचे उत्तर : १७६६३१९०४९ या संख्येचा आढावा

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल सांगितले जाणारे आकडे ढोबळ असतात. डोंगरातून किती दगड काढला असे विचारले तर कोणी दोन लाख टन म्हणतो, कोणी चार लाख. दोन्ही अंदाजच. हजार-पाचशे टन इकडचे तिकडे झाल्याने लेण्याचे काही बिघडत नाही. सातमाळा-अजिंठ्याच्या याच रांगांशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या भास्कराचार्यांची एक संख्या मात्र अशी आहे की तिच्यात एकाचाही फरक चालत नाही : १७६६३१९०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० ला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात ही संख्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून येते. कोणत्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा वर्गच मिळतो? २२६१५३९८० चा वर्ग करावा, त्याला ६१ ने गुणावे, एक मिळवावा. जे येते तो १७६६३१९०४९ चा वर्ग असतो. शून्याचे उघड उत्तर सोडले तर याहून लहान उत्तर अस्तित्वात नाही.

या संख्येभोवती गेल्या दोनशे वर्षांत अनेक चर्चा झाल्या. ती कशी काढली, ती रीत कोणाची, रीत नेहमी यशस्वी होते याची सिद्धता होती का, काढणारा कोणत्या गावचा, आणि एवढ्याशा ६१ चे उत्तर इतके मोठे का. यातल्या काही चर्चा मिटल्या आहेत, काही मिटण्याची चिन्हे नाहीत, आणि शेवटच्या प्रश्नाने तर विसाव्या आणि एकविसाव्या शतकात नवेच रूप घेतले आहे.

परिसर

वेरूळ दोन गणिती कालखंडांच्या मध्ये उभे आहे. पहिला राष्ट्रकूटांचा. कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे तो पहिला कृष्ण आठव्या शतकातला. त्याच घराण्यातल्या अमोघवर्षाच्या राज्यात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. वेरूळची जैन लेणी कोरली जाऊ लागली तो काळ साधारण हाच. महावीराचार्यांना मोठ्या संख्यांचे आकर्षण होते. त्यांनी संख्यास्थाने चोविसापर्यंत नेली, आणि काही गुणाकार असे दिले की ज्यांची उत्तरे गळ्यातल्या माळेसारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात : ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणले की ११००००११००००११, २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१.

दुसरा कालखंड यादवांचा. वेरूळपासून थोड्या अंतरावर आग्नेयेला देवगिरी, यादवांची राजधानी. उत्तरेला कन्नड ओलांडून घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यातले पाटणादेवी. तिथल्या देवळातला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. पुढे कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केला. इ.स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ देतो. वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पंडितांचा प्रमुख केले. चांगदेव सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापला आणि स्थानिक निकुंभ घराण्याने त्याला देणग्या दिल्या. एखाद्या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी दगडावर कोरून ठेवलेली अशी तरतूद फार दुर्मीळ आहे, आणि आपल्याकडच्या शाळांतून तिचा उल्लेखही होत नाही याचे मला वाईट वाटते.

या परिसराचा तिसराही धागा आहे. ‘बीजगणित’चा फारसी अनुवाद १६३४-३५ मध्ये अताउल्लाह रशीदी याने केला आणि शहाजहानला अर्पण केला. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या दारावर वास्तुकार म्हणून ज्या अताउल्लाहचे नाव आहे तो हाच, ताजमहालाशी निगडित उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची याने ‘बीजगणित’ इंग्रजीत आणले ते या फारसी अनुवादावरून. कोलब्रुकचे संस्कृतावरून केलेले भाषांतर चार वर्षांनी, १८१७ मध्ये आले. म्हणजे ६१ चा प्रश्न युरोपात पोहोचण्याच्या पहिल्या वाटेवर मकबरा बांधणाऱ्याचा हात आहे.

रीत

संस्कृत ग्रंथांत या प्रश्नप्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती. ज्याचा वर्ग ६१ ने गुणायचा तो कनिष्ठ. उत्तरात ज्याचा वर्ग मिळतो तो ज्येष्ठ. आणि जो मिळवायचा वा वजा करायचा तो क्षेप. आपल्याला क्षेप १ हवा आहे.

पाया घातला तो ब्रह्मगुप्ताने, इ.स. ६२८ मध्ये. त्याची ‘भावना’ सांगते की एकाच प्रकृतीची दोन उत्तरे, वेगवेगळ्या क्षेपांची का असेनात, एकमेकांत विशिष्ट रीतीने गुंफली की तिसरे उत्तर मिळते, आणि त्याचा क्षेप पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार असतो. या एका नियमावर तो ९२ आणि ८३ असे प्रश्न सोडवतो. ८३ चे उत्तर ९ आणि ८२, तर ९२ चे १२० आणि ११५१. पण सोयीचा क्षेप आधी हाती लागला नाही तर भावना एकटी पुरत नाही. ती उणीव चक्रवाल ही फेऱ्यांची रीत भरून काढते.

६१ वर चक्रवाल कसे चालते ते पाहण्यासारखे आहे, कारण ते पाटीवर मावते. ६१ च्या जवळचा वर्ग ६४. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता अशी संख्या शोधायची की ती ८ मध्ये मिळवली असता बेरजेला ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असावा. ४, ७, १० या उमेदवारांत ७ सर्वांत जवळ. ८ आणि ७ मिळून १५, भागिले ३ म्हणजे ५ : हा नवा कनिष्ठ. ४९ मधून ६१ गेले, उणे १२, भागिले ३ म्हणजे उणे ४ : हा नवा क्षेप. ८ गुणिले ७ अधिक ६१ म्हणजे ११७, भागिले ३ म्हणजे ३९ : हा नवा ज्येष्ठ. पडताळा घ्यावा. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. ३९ चा वर्ग १५२१. फरक बरोबर ४.

हीच फेरी पुन्हा पुन्हा फिरवून क्षेप १ पर्यंत जाता येते. पण इथे भास्कराचार्य वाट वळवतात. क्षेप उणे ४ आला म्हणजे सगळे निम्मे करता येते : कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १. पूर्णांकांच्या प्रश्नात मध्येच अपूर्णांक लिहायला ते कचरत नाहीत. याची स्वतःशीच भावना केली की १९५/२ आणि १५२३/२, क्षेप १. तिची पहिल्याशी भावना केली की अपूर्णांक नाहीसे होतात : ३८०५ आणि २९७१८, क्षेप उणे १. आणि याची स्वतःशी भावना केली की २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. एक चक्रवाल, तीन भावना. दहा अंकी उत्तर गाठण्यासाठी लागलेले एवढेच काम.

संख्येचे अंतरंग

उत्तराचा हा मार्गच उत्तराची रचना उघड करतो. १७६६३१९०४९ मधून एक वजा केला तर २९७१८ च्या वर्गाची दुप्पट मिळते. एक मिळवला तर ३८०५ च्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ ची दुप्पट इतक्या पट. अलीकडे-पलीकडे एकेक पाऊल टाकले की दोन्हीकडे वर्ग लपलेले आहेत.

ही संख्या मूळसंख्या नाही. ती १५२३ × ११५९७६३ आहे. यातली १५२३ ही मूळसंख्या कुठून आली हे वर दिसलेच : भावनेच्या वाटेवरचा १५२३/२. कनिष्ठ २२६१५३९८० चे अवयव तर सगळे लहान आहेत : ४, ९, ५, १३, १२७, ७६१.

तिचा सर्वांत उपयोगी गुण वर्गमुळाचा. १७६६३१९०४९ ला २२६१५३९८० ने भागले तर √६१ ची किंमत दशांशचिन्हानंतर १७ स्थळांपर्यंत अचूक मिळते. अशा भागाकारांतून वर्गमुळे काढण्याचा विचार भारतात आणि ग्रीसमध्ये दोन्हीकडे होता.

अंकांच्या मांडणीत मात्र काहीच नाही. अंकांची बेरीज ४६, तिने भाग जात नाही. उलट वाचली तर माळ होत नाही. महावीराचार्यांच्या माळेतल्या संख्यांपेक्षा ही अगदी वेगळ्या जातीची आहे. इथे एका जुन्या मतभेदाचा उल्लेख करायला हवा. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी आयुष्यभर अंकांच्या मांडणीतले गुण शोधले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर गेला, आणि महावीराचार्यांचा १२३४५६५४३२१, जो ११११११ चा वर्ग आहे, त्यांच्या डेमलो संख्यांत पुन्हा भेटतो. इंग्रज गणितज्ञ हार्डी यांचे मत याच्या उलट होते. ८७१२ आणि ९८०१ या आपल्या उलट रूपाच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट आहेत, पण असली गोष्ट गणितज्ञाला ओढून घेत नाही, असे त्यांनी ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’त लिहिले. दशमान पद्धत सोडली की हे गुण विरतात, हा आक्षेप खरा आहे. कापरेकरांच्या बाजूने असे म्हणता येते की कोणत्या गुणाचे मूळ खोल आहे हे आधी कळत नाही. हार्डींनी बाजूला सारलेल्या त्याच ९८०१ चे पाहा : २९ या प्रकृतीचा प्रश्न सोडवला तर कनिष्ठ १८२० आणि ज्येष्ठ येतो नेमका ९८०१.

रीत कोणाची

चक्रवाल भास्कराचार्यांनीच शोधले असे एकोणिसाव्या शतकात धरले जाई. ते आता मागे पडले आहे. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधल्या ‘सुंदरी’ या टीकेतले जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक प्रसिद्ध केले. त्यांत चक्रवाल आहे. म्हणजे रीत किमान अकराव्या शतकाइतकी जुनी. भास्कराचार्यांचा वाटा रीत सुबक करण्याचा, आणि ६१ व ६७ यांसारखे कसोटीचे प्रश्न निवडण्याचा. (६७ चे उत्तर ५९६७ आणि ४८८४२.) या निवडीचे मोल कमी लेखू नये. रीतीची ताकद कुठे दिसेल हे ओळखणे हीही गणिताचीच दृष्टी आहे.

दुसरा वाद ग्रीक उगमाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काही युरोपीय इतिहासकारांना वाटत आले की याचे बीज ग्रीक असावे. १९७६ मध्ये व्हान डर वार्डेन यांनी हे मत सविस्तर मांडले. त्यांचा मुख्य आधार आर्किमिडीजच्या नावावर असलेला गुरांचा प्रश्न. त्यातून याच जातीचे समीकरण निघते, आणि त्याच्या उत्तरात २०६५४५ अंक आहेत. ते पूर्ण उत्तर १९६५ मध्ये संगणकाने काढले. असा प्रश्न घालणाऱ्याजवळ रीत असलीच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. विरुद्ध बाजू म्हणते की प्रश्न सापडतो पण रीत एकाही ग्रीक ग्रंथात सापडत नाही. उलट ब्रह्मगुप्त, जयदेव, भास्कर आणि १३५६ मधला नारायण पंडित अशी भारतीय बाजूची साखळी कडीनकडी समोर आहे. मला दुसरी बाजू जड वाटते. तरी मूळ उगमाबद्दल लेखी पुरावा कुठल्याच बाजूला निर्णायक नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

तिसरा धागा फर्माचा. फेब्रुवारी १६५७ मध्ये फर्माने फ्रेनिकल याला लिहिलेल्या पत्रात हाच प्रश्न घातला, आणि फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या निवडल्याचे सांगत ६१ आणि १०९ दिल्या. पाचशे वर्षांनी तीच ६१! फर्माकडे भास्कराचार्यांचा ग्रंथ कसा तरी पोहोचला होता का, हा प्रश्न साहजिक आहे. पण तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. शंभराच्या आतल्या सर्व प्रकृतींमध्ये सर्वांत मोठे उत्तर ६१ चेच आहे. जो कोणी कोष्टक करायला बसेल तो तिथे अडखळणारच. इंग्लंडमधल्या ब्राउंकर आणि वॉलिस यांनी उत्तर दिले, ऑयलरच्या चुकीने समीकरणाला पेलचे नाव पडले, आणि तेच रूढ आहे.

सिद्धतेचा प्रश्न

सर्वांत जास्त शाई इथे खर्ची पडली आहे. १८७४ च्या आपल्या ग्रंथात हांकेल यांनी चक्रवालाला लाग्रांजपूर्व संख्यासिद्धान्तातली सर्वांत सुंदर कामगिरी मानले. आंद्रे वेय यांनी १९८४ मध्ये रीतीचे मोठेपण मान्य करून एक भेद दाखवला. रीत चालते हा अनुभव वेगळा. कोणत्याही अवर्ग प्रकृतीसाठी ती मर्यादित फेऱ्यांत संपेलच ही सिद्धता वेगळी. ती सिद्धता, त्यांच्या मते, लाग्रांजने १७६८ च्या सुमारास प्रथम दिली.

दुसऱ्या बाजूला उपपत्तींची परंपरा दाखवली जाते. विदर्भातून काशीला गेलेल्या घराण्यातला कृष्ण दैवज्ञ याने इ.स. १६०० च्या सुमारास ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली, आणि तिच्यात भावनेची कारणमीमांसा आहे. भारतीय गणितात नुसते नियम होते, कारणे नव्हती, हा जुना समज अशा टीकांमुळे टिकत नाही. मात्र फेरी थांबेलच असे दाखवणारी उपपत्ती उपलब्ध टीकांत आढळत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि पुष्कळसे वादंग त्यांतले एकच ऐकल्याने होते.

चक्रवाल स्वतः निर्दोष आहे का, हे विसाव्या शतकात तपासले गेले. म्हैसूरचे अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये सिद्ध केले की ते नेहमी थांबते आणि सर्वांत लहान उत्तर चुकवत नाही. लाग्रांजच्या रीतीचेच हे वेगळे रूप असल्याचा समजही त्यांनी दूर केला. १९७५ मध्ये फिनलंडचे सेलेनियस यांनी दाखवले की चक्रवालाला त्या जातीच्या रीतींपेक्षा कमी पायऱ्या लागतात. तुलना ६१ वरच करता येते. युरोपीय रीतीत √६१ चा वितत अपूर्णांक, म्हणजे छेदात पुन्हा अपूर्णांक अशी साखळी, मांडतात. ती दर ११ पदांनी पुन्हा तीच येते. ११ विषम असल्याने पहिल्या फेरीअखेर क्षेप उणे १ येतो आणि दुसरी फेरी घ्यावी लागते. एकूण २२ पदे. उलट भास्कराचार्यांना, वर पाहिले तसे, चक्रवालाची एक फेरी आणि तीन भावना पुरल्या.

गणिताच्या दृष्टीने हा वाद मिटला आहे. इतिहासाच्या दृष्टीने उरतो तो प्रश्न असा : जयदेव किंवा भास्कराचार्य यांना रीत कधीच फसत नाही असा विश्वास कशाच्या बळावर होता? शेकडो उदाहरणे हाताने करून, की आज हरवलेल्या एखाद्या युक्तिवादाने? कागदपत्रे याबाबत गप्प आहेत.

गाव

भास्कराचार्य स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविड या नगराचे नाव घेतात. ते नगर कोणते यावर तीन प्रमुख मते आहेत. नावाच्या साम्यावरून कर्नाटकातले विजापूर. तशाच साम्यावरून काहींच्या मते बीड. आणि शिलालेखावरून पाटण. विजापूरवाल्यांना सह्याद्रीचा उल्लेख अडचणीचा ठरतो. पाटणवाल्यांची अडचण अशी की शिलालेख मठाचे स्थान सांगतो, जन्माचे नव्हे. शिवाय विज्जडविड हे नाव त्या जागेला कधी होते याचा पुरावा हवा. लक्ष्मीधराला जैत्रपालाने ‘या नगरातून’ नेले असे शिलालेखात आहे. त्यावरून मुलाचा तरी वास पाटणला होता हे बऱ्यापैकी ठरते. वडिलांबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलता येत नाही. २०१४ मध्ये भास्कराचार्यांच्या जन्माला नऊशे वर्षे झाली, ठाण्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिच्यातले निबंध ‘भास्करप्रभा’ या ग्रंथात आले. तरी या मुद्द्यावर एकमत झालेले नाही. दोन राज्यांच्या अभिमानापायी हा प्रश्न तापतो, ते टाळलेले बरे.

६१ इतका अवघड का

६० चे उत्तर ४ आणि ३१. ६२ चे ८ आणि ६३. मध्येच ६१ ला दहा अंक लागतात. हे वरवर पाहता लहरी वाटते, पण तसे नाही. आणि याचे आजचे उत्तर मला या साऱ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते.

पूर्णांकांत √६१ मिसळून एक मोठे संख्याविश्व करता येते. ६१ ला ४ ने भागले असता १ उरतो, म्हणून त्या विश्वात निम्म्या संख्यांनाही जागा असते, दोन्ही भाग विषम असतील तर. या विश्वात काही संख्यांना ‘एकक’ म्हणतात : ज्यांचा क्षेप १ किंवा उणे १ असतो अशा. १ हून मोठे सर्वांत लहान एकक आहे (३९ + ५√६१)/२, किंमत सुमारे ३९.०३. बाकी सगळी मोठी एकके याचेच घात. म्हणजे ६१ चे बीज फक्त ३९ एवढे आहे. ६२ चे बीज सुमारे १२६. ६१ च्या तिपटीहून मोठे!

मग ६१ चे उत्तर फुगते कशाने? प्रश्नाच्या दोन अटींनी. उत्तर पूर्णांकी हवे, आणि निम्मेपण जायला या एककाचा घन करावा लागतो. क्षेप अधिक १ हवा. या एककाचा क्षेप उणे १, म्हणून वर्ग करावा लागतो. तीन आणि दोन मिळून सहावा घात. ३९.०३ चा सहावा घात सुमारे ३५३ कोटी, आणि त्याचा निम्मा भाग म्हणजे आपली संख्या. फर्माच्या १०९ चेही असेच : बीज (२६१ + २५√१०९)/२, त्याचा सहावा घात, ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९. १३, २९, ५३ याच घरातल्या. या सर्वांना ८ ने भागले तर ५ उरतात. मात्र तेवढे पुरेसे नाही, ३७ ला तीच बाकी असून त्याचे उत्तर १२ आणि ७३ इतके साधे आहे.

आता भास्कराचार्यांची वाट पुन्हा पाहावी. ५/२ आणि ३९/२ ही त्यांची जोडी म्हणजेच ते मूळ एकक. तिची स्वतःशी भावना म्हणजे वर्ग. पुन्हा मूळ जोडीशी म्हणजे घन. त्याची स्वतःशी भावना म्हणजे सहावा घात. आधुनिक स्पष्टीकरणाची प्रत्येक पायरी ११५० च्या पाटीवर हजर आहे. त्यांना ती तशी दिसत होती असे म्हणणे पुराव्यापलीकडे जाईल. पण त्यांच्या मांडणीत अनावश्यक असे एकही पाऊल नाही, हे कोणीही स्वतः करून पाहू शकतो.

अलीकडे सुटलेले आणि अजून न सुटलेले

पहिला प्रश्न उणे १ चा. क्षेप उणे १ ची उत्तरे कोणत्या प्रकृतींना असतात? ६१ ला आहे (३८०५, २९७१८), ६२ ला नाही. ४ ने भागले असता ३ उरतात असा मूळ अवयव ज्यांना नाही, अशाच प्रकृती इथे उमेदवार ठरतात. त्यांतल्या सुमारे ५८ टक्क्यांना उत्तर असावे, असा अंदाज स्टीवनहागेन यांनी १९९३ मध्ये मांडला. २०२२ मध्ये कोइमान्स आणि पगानो यांनी तो सिद्ध केला. ही उकल म्हणजे अलीकडच्या काळातले मोठे यश.

दुसऱ्यात उलट घडले. १९५० च्या सुमारास अँकेनी, आर्टिन आणि चावला यांनी तर्क केला होता : प्रकृती ४ ने भागून १ उरणारी मूळसंख्या असेल, तर तिच्या बीज-एककातल्या कनिष्ठाला त्या प्रकृतीने भाग जाणार नाही. ६१ च्या बाबतीत हा कनिष्ठ ५, तेव्हा तर्क खरा. अनेक दशके संगणकाने तपासूनही तो टिकला. २०२४ मध्ये आंद्रेआस राइनहार्ट यांनी प्रतिउदाहरण दिले : ३३१९१४३१३९८४४९३. इतकी दशके न सापडलेला अपवाद पंधरा अंकी निघाला. असे अपवाद अनंत आहेत का, हे आता खुले आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत जुना आणि सर्वांत कठीण. ६१ च्या संख्याविश्वात मूळ अवयव पाडण्याची रीत एकच राहते, जशी साध्या पूर्णांकांत राहते. अशी विश्वे अनंत असावीत, असे गाउसच्या १८०१ च्या ग्रंथापासून मानले जात आहे. कोहेन आणि लेन्स्ट्रा यांच्या १९८० च्या दशकातल्या अंदाजानुसार, ६१ सारख्या मूळ प्रकृतींपैकी सुमारे ७५ टक्के तशा असाव्यात, आणि संगणकाने काढलेली कोष्टके त्याच्याशी जुळतात. सिद्धता मात्र अनंताचीही नाही. उत्तराच्या मोठेपणाशी याचा थेट संबंध आहे : बीज-एककाची अंकांतली लांबी आणि अवयव पाडण्यातली संदिग्धता यांचा गुणाकार प्रकृतीच्या वर्गमुळाच्या आसपास बांधलेला असतो. एक वाढले की दुसरे घटते. म्हणून काही प्रकृतींची उत्तरे प्रचंड का होतात हे विचारणे आणि गाउसचा प्रश्न विचारणे, या दोन गोष्टी जवळपास एकच.

आणि चौथा प्रश्न वेगाचा. प्रकृती शंभर अंकी असेल तर तिचे उत्तर साध्या अंकांत लिहायला जगातला कागद पुरणार नाही, इतके ते लांब असू शकते. आज ते गुणाकारांच्या रूपात, संक्षेपाने लिहितात, जवळपास भास्कराचार्यांच्या भावनांच्या मांडणीसारखेच. तरी ते संक्षिप्त रूप झटपट काढणारी रीत नेहमीच्या संगणकासाठी माहीत नाही. क्वांटम संगणकासाठी हॉलग्रेन यांनी २००२ मध्ये तशी रीत दिली. मोठ्या प्रकृतींवर ती चालवू शकेल असे यंत्र अजून तयार व्हायचे आहे, आणि नेहमीच्या संगणकासाठी तशी रीत असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेले नाही.